प्रसंगांची वही

नोकरीच्या मुलाखतीत काय विचारणार, हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. स्वतःबद्दल सांगा. आमच्याकडेच का यायचंय? तुमची जमेची बाजू कोणती, उणीव कोणती? आधीची नोकरी का सोडली? पाच वर्षांनी कुठे असाल? पगार किती अपेक्षित आहे? चाकणचा कारखाना असो, हिंजवडीतली आयटी कंपनी असो की तालुक्याच्या गावातली पतसंस्था, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात. तरीही चांगली, कष्टाळू मुलं-मुली नेमकी इथेच अडखळतात.

कारण त्यांनी तयारी केलेली असते ती वाक्यांची. ‘मी मेहनती आहे, लवकर शिकतो, टीममध्ये मिळूनमिसळून काम करतो’ हे पाठ करून ती आत जातात. समोरच्या माणसाने त्याच सकाळी ही वाक्यं आणखी पाच-सात जणांच्या तोंडून ऐकलेली असतात. वाक्यं खोटी नसतात, पण त्यावरून कोणाला निवडावं हे काही त्याला ठरवता येत नाही. ते ठरतं वाक्याच्या मागे खरोखर काय घडलं यावरून. म्हणून या प्रकरणात पाठ करायला उत्तरं दिलेली नाहीत. तुमच्याच आयुष्यातले प्रसंग कसे शोधायचे, कसे मांडायचे आणि कोणत्या प्रश्नाला कोणता प्रसंग सांगायचा, हे आपण पाहणार आहोत.

प्रश्नांची पद्धत कशी बदलत गेली

१९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस एडिसन यांच्या प्रश्नपत्रिकेवरून मोठी चर्चा झाली. नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांना ते शंभराहून अधिक प्रश्नांची यादी सोडवायला देत. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, अशा धाटणीचे ते प्रश्न होते. यादी वर्तमानपत्रांत छापून आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या आइन्स्टाइन यांना बोस्टनमध्ये त्या प्रश्नांच्या संदर्भात विचारण्यात आलं, ध्वनीचा वेग किती? जी माहिती पुस्तकात सहज सापडते ती मी डोक्यात साठवून ठेवत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. माहिती असणं आणि काम जमणं यांत अंतर आहे, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात येऊ लागलं होतं.

पुढे मानसशास्त्रज्ञांनी या अंतरावर बरंच काम केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांची निवड अभ्यासणारे जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये आपली पद्धत मांडली. काम विशेष चांगलं झालं किंवा विशेष बिघडलं, असे प्रत्यक्ष प्रसंग गोळा करायचे आणि त्यांतून त्या कामाला लागणारे गुण ओळखायचे, अशी ती पद्धत. १९८० मध्ये गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असं घडलं तर तुम्ही काय कराल?’ अशा प्रश्नांची मुलाखत मांडली. दोनच वर्षांनी टॉम जॅन्झ यांनी प्रश्नाचा काळ बदलला: ‘असं घडलं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ माणूस पूर्वी जसा वागला, तसाच पुढेही वागण्याचा संभव जास्त, हे त्यामागचं गृहीतक.

सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी आखीव मुलाखत ऐसपैस गप्पांपेक्षा भरवशाची ठरते, हे नंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ते दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा निवडीच्या साधनांत आखीव मुलाखत सर्वांत वर आली. अवघड कोडी घालण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीही २०१३ मध्ये, अशा कोड्यांमधून कामाचा काहीच अंदाज येत नाही, असं जाहीरपणे मान्य केलं.

या इतिहासाचा उमेदवाराला थेट उपयोग आहे. ‘एखादा प्रसंग सांगा, जेव्हा…’ असा प्रश्न आला की समोरचा गप्पा मारत नसतो. त्याच्यापुढे बहुधा एक तक्ता असतो आणि तुमच्या प्रसंगाला तो गुण देत असतो. प्रसंगच नसेल तर गुण द्यायचे कशाला?

वही कशी भरायची

एक साधी वही घ्या आणि आठ-दहा प्रसंग लिहून काढा. ‘माझ्याकडे अनुभवच नाही’ ही फ्रेशरची नेहमीची तक्रार असते आणि ती बहुतेक वेळा खरी नसते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एनएसएसचं शिबिर, घरचं दुकान किंवा शेती, सुट्टीतली नोकरी, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या, गणेश मंडळाचा हिशेब, क्रिकेटच्या स्पर्धेचं आयोजन, घरातल्या आजारपणात सांभाळलेली जबाबदारी, या सगळ्यांत काम आहे, निर्णय आहे, अडचण आहे.

निवड करताना विविधता ठेवा. एक प्रसंग अडचण सोडवल्याचा हवा आणि एक मतभेद मिटवल्याचा. नवं काही कमी वेळात शिकल्याचा, पुढाकार घेतल्याचा, फसलेल्या कामातून सावरल्याचा आणि गिऱ्हाइकाशी किंवा अनोळखी माणसाशी नीट वागल्याचा असे बाकीचे. इतका साठा असला की विचारणाऱ्याने प्रश्नाचे शब्द कितीही फिरवले तरी उत्तर वहीतूनच निघतं.

प्रत्येक प्रसंग चार भागांत लिहा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. प्लेसमेंट सेलमध्ये हिला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. पहिल्या दोन भागांना दोन-तीन वाक्यं पुरतात. निम्म्याहून जास्त वेळ तिसऱ्याला द्या, कारण गुण तिथे मिळतात. बहुतेक उमेदवार उलटं करतात. परिस्थितीचं वर्णन रंगवतात आणि ‘मग सगळं नीट झालं’ असं म्हणून थांबतात.

उदाहरण घेऊ. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेल्या बी.कॉम. झालेल्या मुलीला विचारलं, तुम्ही काटेकोर आहात हे कशावरून समजायचं? तिने ‘मी प्रत्येक काम दोनदा तपासते’ असं सांगितलं तर ते विसरलं जाईल. पण हे ऐका:

‘आमच्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता. विसर्जनानंतर जमा रक्कम आणि पावत्यांची बेरीज यांत अकराशे रुपयांचा फरक येत होता. मी पावती पुस्तकं क्रमाने लावली, प्रत्येक स्थळप्रत वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिली. दोन पावत्या ऑनलाइन भरलेल्या होत्या आणि त्या रोखीत धरल्या गेल्या होत्या. त्यानंतर मी रोख आणि ऑनलाइन असे दोन रकाने केले. पुढच्या वर्षी हिशेब त्याच संध्याकाळी जुळला.’

यात ‘काटेकोर’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी गुण दिसतो. शिवाय ताळमेळ कसा घालतात हे तिला कळतं, हेही उघड झालं.

एक अडचण आपल्या वळणाची आहे. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. त्यामुळे प्रसंग सांगताना ‘आम्ही ठरवलं, आम्ही केलं’ अशी भाषा येते. समोरच्याला तुमचा वाटा किती हे कळत नाही आणि तो तुम्हाला गुण देऊ शकत नाही. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये सर्किटची जोडणी तुम्ही केली असेल तर ‘जोडणी मी केली, प्रोग्रॅम माझ्या मित्राने लिहिला’ असं स्पष्ट सांगा. दुसऱ्याचं श्रेय त्याला देऊन आपलं काम नेमकं सांगण्यात बढाई नसते.

‘स्वतःबद्दल सांगा’

या प्रश्नावर नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, दहावी-बारावीचे टक्के अशी गाडी सुरू होते. यातलं बहुतेक बायोडेटात लिहिलेलंच असतं. विचारणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की या जागेच्या दृष्टीने तुमच्यात पाहण्यासारखं काय आहे. सध्या काय करता, तिथवर कसे पोहोचलात आणि इथे का यायचंय, या क्रमाने दीड मिनिटात उत्तर संपवा.

क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलेला डिप्लोमाधारक असं बोलू शकतो: ‘मी मेकॅनिकलचा डिप्लोमा यंदा पूर्ण केला. सहा महिने एका वर्कशॉपमध्ये ट्रेनिंग केलं, तिथे व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने जॉब मोजून नोंदी ठेवायचं काम होतं. एकाच मशिनवरचे जॉब दुपारनंतर सतत मापाबाहेर जात असल्याचं माझ्या नोंदींतून दिसलं. मी सुपरवायझरना दाखवलं आणि टूल बदलल्यावर ते थांबलं. तेव्हापासून मला तपासणीच्या कामात रस वाटतो, म्हणून या जागेसाठी अर्ज केला.’ आता पुढचा प्रश्न जवळपास नक्की त्या नोंदींबद्दल येणार, आणि त्याचं उत्तर त्याच्याइतकं चांगलं दुसरं कोण देणार?

हेच तत्त्व स्पर्धा परीक्षांनाही लागू पडतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात. उलटतपासणीऐवजी एका दिशेने नेलेलं सहज संभाषण असं तिचं स्वरूप आयोगाने सांगितलं आहे. उमेदवाराने आधी भरलेल्या सविस्तर अर्जातलं गाव, पदवी, छंद, नोकरी यांवरून प्रश्न निघतात. अर्जात ‘ट्रेकिंग’ लिहिणाऱ्याला सह्याद्रीतले घाट सांगता आले पाहिजेत. खासगी नोकरीतही बायोडेटातली प्रत्येक ओळ म्हणजे एक संभाव्य प्रश्न. ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येणार नाही, ती काढून टाका.

‘आमच्याकडेच का?’

‘तुमची कंपनी नामांकित आहे’ हे उत्तर कोणत्याही कंपनीला चालतं, म्हणून ते कोणालाच पटत नाही. इथे एका संध्याकाळचा अभ्यास पुरतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही ऑनलाइन वाचता येतो. अध्यक्षांचं निवेदन आणि व्यवसायाचा आढावा एवढी पानं वाचली तरी कंपनी कुठे पैसे गुंतवते आहे हे कळतं. सहकारी बँकेचा अहवाल वाचलात तर शाखा, ठेवी आणि कर्जवाटप यांची कल्पना येते. दुकान किंवा शोरूम असेल तर आदल्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून चक्कर मारा.

त्यानंतर जाहिरात पुन्हा वाचा. त्यातल्या प्रत्येक अपेक्षेसमोर वहीतल्या एका प्रसंगाचा क्रमांक लिहा. ज्या अपेक्षेसमोर जागा रिकामी राहते तिथे तुमची बाजू लंगडी आहे, आणि ते मुलाखतीआधी कळलेलं बरं.

उणीव, गॅप आणि सोडलेली नोकरी

‘माझी उणीव म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर आता सगळ्यांनी ऐकलेलं आहे. उणीव खरी सांगा, पण त्या कामाच्या मुळावर येणारी नको. सेल्सच्या जागेसाठी ‘मला अनोळखी लोकांशी बोलायला जमत नाही’ हे चालणार नाही. अकाउंट्ससाठी कदाचित चालेल. उणीव सांगितल्यावर ती कमी करण्यासाठी आज काय करता, हे लगेच जोडा. ‘एक्सेलमध्ये मी साध्या बेरजांपलीकडे जात नव्हतो. दोन महिन्यांपासून रोज अर्धा तास पिव्होट टेबलचा सराव करतोय, घरच्या दुकानाची विक्री आता त्यावरच पाहतो.’ समोरच्याला या प्रश्नातून दोनच गोष्टी पाहायच्या असतात: तुम्हाला स्वतःची ओळख आहे का, आणि सुधारायची तयारी आहे का.

महाराष्ट्रात एका प्रकारचा गॅप हजारो तरुणांच्या बायोडेटात आहे, तो म्हणजे एमपीएससीच्या तयारीची वर्षं. पुण्याच्या अभ्यासिकांत तीन-चार वर्षं घालवून खासगी नोकरीकडे वळणारे अनेक जण ती वर्षं लपवायला पाहतात. लपवू नका. रिकाम्या वर्षांकडे पाहून विचारणारा मनाने काहीही भरतो. त्याच्या मनात दोन शंका असतात: इतकी वर्षं यांनी काय केलं, आणि जाहिरात निघाली की हे पुन्हा निघून जाणार का? दोन्हींना सरळ उत्तर द्या. ‘तीन वर्षं तयारी केली, एकदा पूर्वपरीक्षा पास झालो, मुख्य परीक्षेत राहिलो. त्या काळात खर्चासाठी दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. आता ठरवून परीक्षा थांबवली आहे, कारण मला कामाला सुरुवात करायची आहे.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. अजून परीक्षा द्यायची असेल तर तेही प्रामाणिकपणे ठरवा आणि वेळेला जुळणारं काम शोधा. खोटं सांगून मिळालेली नोकरी पहिल्या जाहिरातीला अडचणीत येते.

नोकरी का सोडली, यावर जुन्या साहेबांची गाऱ्हाणी मांडू नका. गाऱ्हाणी खरी असली तरी समोरच्याला ती पडताळता येत नाहीत. पुढे काय हवं आहे ते सांगा: ‘तिथे फक्त डेटा एंट्री होती, मला जीएसटी रिटर्नचं काम शिकायचं आहे.’ पाच वर्षांनंतरच्या प्रश्नालाही हीच दिशा धरा. पदाचं नाव सांगण्यापेक्षा कोणतं काम स्वतंत्रपणे करता यायला हवं, ते सांगा.

पगाराचं बोलणं

पगाराचा आकडा सांगण्याआधी तो समजून घ्यायला हवा. जाहिरातीत ‘पॅकेज ३ लाख ६० हजार’ असं असतं तेव्हा तो कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वर्षाचा खर्च, म्हणजे सीटीसी असतो. महिन्याचे ३०,००० हाती येतील असं समजून खोलीचं भाडं ठरवणारे पहिल्याच महिन्यात अडचणीत येतात.

समजा मूळ वेतन १५,००० आहे. भविष्य निर्वाह निधीत कंपनीचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२१ रुपये. बऱ्याच कंपन्या हे दोन्ही सीटीसीत धरतात. ते वजा करून २७,४७९ उरतात. त्यातून निधीतला तुमचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये कापला की हाती २५,४७९ येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. विम्याचा हप्ता किंवा कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम सीटीसीत असेल तर हातातला आकडा आणखी खाली येतो. म्हणून ‘यातला ठरलेला भाग किती आणि हातात किती?’ हे विचारण्यात संकोच कसला? त्यासोबत बॉण्ड आहे का, प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस पीरियड किती, हेही विचारा. ९० दिवसांचा नोटीस पीरियड पुढची नोकरी शोधताना आड येऊ शकतो.

अपेक्षा सांगताना त्याच शहरात त्याच कामाला काय मिळतं याची दोन-तीन ओळखीच्यांकडे चौकशी करा आणि एक टप्पा सांगा. ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यातून तुम्ही चौकशी केली नसल्याचंच कळतं.

न विचारायचे प्रश्न

मुलींना अजूनही विचारलं जातं: लग्न कधी करणार? लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार का? मूल लहान आहे, मग कोण सांभाळणार? शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला यातलं काही विचारत नाहीत. केवळ स्त्री आहे म्हणून भरतीत डावलण्याला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही लिंगावरून भरतीत भेदभाव करण्यास मनाई आहे. हा हक्क माहीत असलेला बरा, कारण मग उत्तर देताना आवाजात अपराधी सूर येत नाही.

उत्तर कसं द्यायचं हे ज्याने-त्याने आपल्या गरजेनुसार ठरवावं. एक मार्ग असा, की खासगी भाग बाजूला ठेवून मागची काळजी ओळखायची: ‘मी नियमित येईन का, ही तुमची शंका असावी. मागच्या नोकरीत दोन वर्षांत महिनाअखेरचं क्लोजिंग मी एकदाही चुकवलं नाही. इथेही कामाच्या वेळा मला मान्य आहेत.’ तरीही प्रश्न रेटला जात असेल तर त्या ऑफिसात पुढे काय वाढून ठेवलंय याची ती झलक समजा. नोकरी नाकारायचा अधिकार तुमच्याकडेही असतो.

सराव

वहीतले प्रसंग शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर मध्येच एक प्रश्न आला की तुटतं. प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच शब्द लक्षात ठेवा आणि दर वेळी नव्याने सांगा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. उत्तर दोन मिनिटांच्या पुढे जात असेल तर परिस्थितीचा भाग छाटा. घरातल्या किंवा मित्रांपैकी कोणाला तरी समोर बसवा आणि एकच काम सांगा: प्रत्येक उत्तरानंतर ‘म्हणजे नक्की काय केलंस?’ असं विचारायचं. जिथे तुम्ही गडबडता, तो प्रसंग अजून नीट आठवलेला नाही.

इंग्रजीची धास्ती घेणाऱ्यांनी आधी मराठीतच प्रसंग पक्के करावेत आणि मग तेच छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत सांगायचा सराव करावा. उसनी घेतलेली लांब वाक्यं अडकतात. स्वतः बनवलेलं पाच शब्दांचं वाक्य अडकत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ म्हणा, आणि माहीत करून घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून कराल, ते सांगा.

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ हा शेवटचा प्रश्न वाया घालवू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित असेल? मला काम कोण शिकवेल? या जागेवर आधी होते ते आता कुठे आहेत? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून जागा कशी आहे हे बरंचसं समजतं.

बाहेर पडल्यावर त्याच दिवशी विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहा आणि जिथे प्रसंग सुचला नाही त्यापुढे खूण करा. निवड झाली नाही तरी पुढच्या मुलाखतीला तुम्ही एका भरलेल्या पानासह जाता. आणि निवड झाली तर ही वही टाकून देऊ नका. वर्षभराने कामाचा आढावा होतो, बढतीची किंवा पगारवाढीची बोलणी होतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो: तुम्ही नेमकं काय केलंत? ज्याने घडलेलं वेळच्या वेळी लिहून ठेवलं, त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं.